मांजराला दिसणारे पट्टे आणि मावशीचा बिब्बा

मंगळवारी रात्री साडेदहाला जळगावहून मावशीचा फोन. ती नऊला झोपणारी बाई, त्यामुळे कुणीतरी गेलं असं धरूनच मी उचलला, तर पलीकडून एकच प्रश्न, "अगं, पुण्यात चांगले बिब्बे कुठं मिळतील गं? इथले सगळे सुकलेत." बिब्बे कशाला, तर म्हणे ग्रुपवर टाकलंय ते आधी वाच.

वाचलं. वर तो "अनेकदा फॉरवर्ड केलेला" वाला डबल बाण होता, म्हणजे तुमच्याकडेही फिरून गेला असणार. नसेल आला तर थोडक्यात सांगते. एक, वाघ, झेब्रा, हरीण, खार, मांजर, सगळ्या सस्तन प्राण्यांच्या केसांवर निसर्गाने नक्षी दिलीय, फक्त माणसाला नाही, म्हणजे माणूस हा प्राणी नाहीच. दोन, पूर्वी आपल्यालाही नक्षी होती, कपडे आणि साबण-शाम्पूने ती गेली. तीन, ती अजून आहे पण आपल्याला दिसत नाही, मांजराला दिसते, म्हणून मांजर आपल्याकडे टक लावून बघतं. आणि चार, ज्या मुलांच्या डोक्यात जन्मतः पांढरी बट असते त्यांच्या आईने गरोदरपणात ग्रहण पाळलेलं नसतं, त्यावर उपाय म्हणजे बिब्बा उगाळून बावचीच्या तेलात मिसळून लावायचा आणि ४१ दिवस सकाळच्या उन्हात बसवायचं. शेवटी हात जोडलेल्या चार इमोजी.

पहिले तीन मुद्दे वाचून मी हसून सोडून दिले असते. पण मावशीच्या नातीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या पाच वर्षांच्या पोरीला, कपाळाच्या वर बरोब्बर मध्यभागी पांढरी बट आहे. जन्मापासून. बटेखाली कपाळावर शंकरपाळ्याएवढा पांढरा डाग आणि पोटावर एक. आणि मावशी बिब्बे शोधतेय! त्यामुळे आता हसणं बंद. मुद्दे घेतेच एकेक, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, काहींची तेवढी लायकी नाही.

"सगळ्या प्राण्यांना नक्षी." कुठल्या सगळ्या? म्हशीला कुठली नक्षी आहे? हत्तीला? घुशीला? आणि आपले जवळचे नातेवाईक बघा ना, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान, एकाच्या तरी अंगावर पट्टे किंवा ठिपके बघितलेत का. म्हाताऱ्या नर गोरिलाची पाठ रुपेरी होते, चिंपांझीच्या पिल्लाच्या बुडाशी पांढरा झुपका असतो, बस्स, एवढीच हौस. म्हणजे माणसाची नक्षी कुणी काढून घेतली वगैरे काही नाही, आपण ज्या खानदानातून आलो तिथेच सगळे सपाट रंगाचे होते. "म्हणून माणूस प्राणी नाही" हा निष्कर्ष यातून निघत असेल तर म्हैसही प्राणी नाही.

"साबण-शाम्पूने गेली." कितीतरी पिढ्या आपण बाळांचे कान टोचतोय, एक तरी बाळ भोकासकट जन्मलंय का? पुढे.

आता खरा प्रश्न. तो मेसेजवाल्याने चुकून चांगला विचारलाय हे मान्य करायला लागेल. मांजराच्या केसात नक्षी येते, माझ्या केसात का येत नाही?

आमच्या गच्चीवर एक करड्या पट्ट्यांचा बोका येतो, सोफ्यावर बसून जातो आणि केस आमच्यासाठी ठेवून जातो. त्याचा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. मुळाशी राखाडी, मध्ये पिवळसर पट्टा, टोकाला काळा. एका केसात तीन रंग! केस वाढत असताना मुळाशी एक स्विच असतो, अगौटी नावाचा, तो मधेच काही दिवस काळा रंग बंद करून पिवळा चालू करतो आणि परत काळा. बोक्याच्या गडद पट्ट्यातल्या केसात हा स्विच चालत नाही, ते केस काळेच राहतात. झाली नक्षी. आता माझा केस घ्या. त्यातही पट्टे आहेत, पण ते मेंदीचे, दर दोन महिन्यांनी एक, कारण डोक्याचा केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि तीन-चार-पाच वर्षं वाढतच राहतो. स्विचचं जीन आपल्यातही आहे बरं का, पण ते आपल्या केसात असं चालू-बंद करत बसत नाही. आणि समजा केलं असतं, समजा टाळूवर वाघासारखे पट्टे उगवलेच असते, तरी कमरेपर्यंतच्या केसात ते कुणाला दिसले असते? वेणी घातली की खिचडी. लांब केसांच्या पर्शियन मांजरातसुद्धा पट्टे पुसट होतात. आणि अंगावरचे केस म्हणाल तर लव आहे नुसती, तिच्यावर काय नक्षी उमटणार.

पट्टे नेमके कुठे पडायचे हे कोण ठरवतं याचा शोध २०२१ मध्ये छापून आलाय, नेचर कम्युनिकेशन्समध्ये, आणि या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर ठेवते. अमेरिकेत अलाबामाला हडसनअल्फा नावाची संस्था आहे, तिथल्या लोकांनी हे काम केलं. भटक्या मांजरींची नसबंदी करताना काही गाभण निघतात, काढलेलं गर्भाशय एरवी फेकूनच देतात, ते यांनी मागून घेतलं आणि आतल्या भ्रूणांची कातडी तपासली. तर केसाचं मूळसुद्धा तयार झालेलं नसतं, रंगाचा पत्ता नसतो, तेव्हाच कातडीत जाड-पातळ, जाड-पातळ असे पट्टे आखून झालेले असतात आणि डीकेके४ नावाचं जीन जाड पट्ट्यात जागं असतं. म्हणजे आधी चुन्याची फक्की मारून मैदान आखायचं आणि खेळाडू नंतर उतरवायचे तसं. असं काहीतरी रसायनांच्या खेचाखेचीतून होत असेल हे गणिती ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्येच मांडून ठेवलं होतं, तोच तो कॉम्प्युटरवाला ट्युरिंग.

याचा आपल्याकडचा पुरावाही आहे. ओडिशातल्या सिमिलीपालला काळपट वाघ आहेत, म्हणजे पट्टे इतके रुंद झालेत की एकमेकांत मिसळून अंग काळंच दिसतं. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या टीमने २०२१ मध्येच दाखवलं की हे टॅकपेप नावाच्या जीनमधल्या एका बदलामुळे होतं. हेच जीन बिघडलं की घरच्या मांजराचे सरळ पट्टे गोल भोवऱ्यासारखे होतात. आणि गंमत म्हणजे हे जीन माणसातही आहे! आपल्यात त्याला लेव्हरिन म्हणतात आणि ते सापडतं वारेत, गरोदर बाईच्या वारेत. म्हणजे सामान घरात आहे, फक्त आपल्याकडे ते वेगळ्या कामाला लावलंय. जुनी साडी गोधडीत जाते तसं म्हणा.

आखणीही आपल्यात आहेच की. टक्कल बघा. पुढचं जातं, वरचं जातं, कानामागची झालर मरेपर्यंत राहते. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइश नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये छापून दाखवलं की मागचा केस मुळासकट काढून पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, गळत नाही, अख्खा हेअर ट्रान्सप्लांटचा धंदा त्याच्यावर उभा आहे. म्हणजे प्रत्येक केसाला आपला पत्ता पाठ असतो. कितीतरी जणांचे डोक्याचे केस काळे आणि दाढी तांबूस असते, पिकायला सुरुवात कानशिलापासून होते, ही नक्षी नाही तर काय आहे. फक्त ती वाघासारखी रुबाबदार नाही, एवढंच.

मग उघड्या कातडीवर तरी पट्टे का नाहीत? केसाळ प्राण्याला उन्हापासून वाचवायला केस असतात, त्याने कातडी कशीही ठेवली तरी चालतं. आपण आफ्रिकेच्या उन्हात केस टाकले, घाम गाळायला लागलो, तेव्हा उन्हाशी लढायचं काम कातडीतल्या रंगाच्या पेशींवर आलं आणि त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या पाहिजेत. मधे पांढरा पट्टा ठेवला तर तो पट्टा भाजणार. हे वाक्य लक्षात ठेवा, मावशीच्या ४१ दिवसांच्या उन्हाकडे येतेच आहे मी.

त्याआधी मांजर, म्हणजे मुद्दा तीन, आपल्याला न दिसणारे पट्टे. इथे अर्धसत्य आहे आणि ते मला नाइलाजाने द्यावं लागतंय. १९०१ मध्ये आल्फ्रेड ब्लाश्को नावाच्या जर्मन त्वचातज्ज्ञाने शंभरावर पेशंटच्या अंगावरचे चट्टे एका पुतळ्यावर काढले आणि लक्षात आलं की ते उगाच कुठेही नाहीत, ठराविक रेषांतच पडतात. पाठीवर व्ही, पोटाच्या बाजूला एस, डोक्यावर भोवरे. गर्भात कातडीच्या पेशी वाढत पसरत जातात त्यांच्या त्या वाटा. त्यामुळे "माणसाला पट्टे असतात" हे अगदीच खोटं नाही. बायकांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, आपल्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतो, कुठे आईकडून आलेला कुठे बापाकडून, म्हणून आपण सगळ्याजणी आतून त्या तीनरंगी मांजरीसारख्याच. पण एरवी या रेषा दिसत नाहीत, काही ठराविक आजारांत किंवा दोन प्रकारच्या पेशींचा रंगच वेगळा असला तरच उमटतात.

आणि मांजराला अतिनील किरण दिसत असावेत हेही खरं, लंडनच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की मांजराच्या डोळ्यातलं भिंग ते किरण बऱ्यापैकी आत सोडतं, आपलं अडवतं. कुत्र्याचंही सोडतं, पण कुत्र्याचा मेसेज कुणी करत नाही. या दोन खऱ्या गोष्टींची मोट बांधून तिसरी थाप तयार केलीय. अहो, अतिनील दिवा प्रत्येक त्वचेच्या डॉक्टरकडे असतो, वुड्स लॅम्प म्हणतात त्याला, खोलीत अंधार करून तो अंगावर धरतात आणि कोडाचा डाग त्यात निळसर पांढरा चमकतो. आपल्या सगळ्यांच्या अंगावर पट्टे असते तर रोज दवाखान्यात झेब्रे दिसले असते. आमचा बोका माझ्याकडे टक लावून बघतो तो संध्याकाळी सहाला, बांगड्याच्या वासाने. सव्वासहाला पोट भरलं की माझे पट्टे बहुतेक पुसले जातात.

आता चार नंबर.

पोरीला जे आहे त्याला पायबाल्डिझम म्हणतात, हे डॉक्टरांनी ती तीन महिन्यांची असताना सांगितलंय, कागद आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून वाढत वाढत दोन्ही बाजूंनी पुढे पसरतात. सगळ्यात लांबची ठिकाणं कुठली? कपाळाचा मधला भाग आणि पोट. किट नावाच्या जीनमध्ये बिघाड असला की या पेशी पुरेशा वाढत नाहीत आणि शेवटच्या गावापर्यंत एसटी पोचत नाही. तिथे रंग नाही. मांजराचे पांढरे पंजे, पांढरं पोट, त्यामागे हेच किट. घोड्यांच्या कितीतरी पांढऱ्या ठिपक्यांमागेही हेच. म्हणजे "माणसाच्या केसात नक्षी नसते" म्हणणाऱ्याच्या मेसेजमध्येच खालच्या बाजूला नक्षीवाली पोर बसलीय आणि त्याला ती दिसली नाही, त्याला दिसलं ग्रहण! बैलाच्या कपाळावर असाच पांढरा चांद असला तर आपण कौतुकाने चांद्या नाव ठेवतो, पोळ्याला त्याच्या कपाळावरून हात फिरवतो. पोरीच्या कपाळावर असला की बिब्बा.

ग्रहणाचं सांगते. २१ जून २०२० ला सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. बहीण तेव्हा पाचव्या महिन्यात होती आणि तिने म्हणे त्या दिवशी भाजी चिरली. ऑक्टोबरमध्ये पोर झाली, बट दिसली, आणि तेव्हापासून पाच वर्षं सासरी प्रत्येक कार्यक्रमात त्या भाजीचा उद्धार होतो. एक तर रंगाच्या पेशींचा हा प्रवास पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकलेला असतो, पाचव्या महिन्यात सूर्याला ग्रहण लागो नाहीतर काही लागो. दुसरं, या देशात वर्षाला दोन कोटींच्या वर बाळं जन्मतात, त्या दिवशी किती बायका गरोदर असतील आणि किती जणींनी भाजी चिरली असेल, कुठायत त्या सगळ्या बटा? आणि तिसरं, जे मी दाजींना विचारून लिहितेय. लॉकडाऊनमध्ये सलून बंद होती तेव्हा दाजींचे केस वाढले आणि पुढून, बरोब्बर कपाळाच्या मध्ये, मुळाशी पांढरं दिसायला लागलं, बाकी डोकं काळंभोर. सगळे म्हणाले टेन्शनने पिकले. बहिणीच्या मोबाईलमध्ये फोटो आहे. दाजी कॉलेजपासून तेवढी बट डाय करतात, लग्न ठरताना अडचण नको म्हणून, आणि हे त्यांच्या आईला पहिल्यापासून माहीत आहे. हा दोष आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. म्हणजे ज्या बाईला खरं कारण माहीत होतं तीच पाच वर्षं सुनेच्या भाजीवर बोलत होती. यावर मी जास्त लिहीत नाही, नाहीतर लग्नकार्यात तोंडं दाखवायची पंचाईत.

आता उपाय. बिब्बा माहीत नसलेल्या पिढीसाठी सांगते, काजू आणि आंब्याच्या कुळातलं झाड, त्याच्या फळाचं तेल इतकं जहाल की पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला वापरायचे, कितीही धुतलं तरी जायची नाही. आतली गोडंबी थंडीच्या लाडवात घालतात ती वेगळी, ती खा खुशाल. तेल अंगाला लागलं की बिब्बा उततो, फोड येतात, पाणी सुटतं, काळे व्रण राहतात. माझ्या आजोबांच्या पोटरीवर असा व्रण होता, रुपयाएवढा, ऐंशीव्या वर्षीही स्पष्ट दिसायचा. हे पाच वर्षांच्या पोरीच्या कपाळावर लावायचं, डोळ्यांच्या वर चार बोटं!

बावचीचं मात्र अर्धं खरं आहे. बावचीत सोरालेन असतं आणि सोरालेन लावून किंवा गोळी देऊन मोजून अतिनील किरण द्यायचे हा कोडावरचा डॉक्टरी उपचारच आहे. पण कोड वेगळं आणि हे वेगळं. कोडात रंगाच्या पेशी होत्या आणि नंतर मेल्या, केसांच्या मुळाशी काही उरलेल्या असतात, त्यांना डिवचून परत पसरवता येतं. इथे त्या पोचल्याच नाहीत. ज्या घरात कुणी राहायलाच आलं नाही त्याची बेल किती वेळ वाजवणार? म्हणूनच हे डाग जन्मापासून आहेत तसेच राहतात, कोडासारखे वाढत सुटत नाहीत, संसर्गाचा तर प्रश्नच नाही, दोन्हींतही नाही. उलट त्या कातडीत रंग नाही म्हणजे छत्री नाही, ती नुसत्या उन्हानेच भाजते, आणि सोरालेनचं काम काय तर ऊन अजून लागावं हेच. वर बिब्ब्याचे फोड. आणि जळगावचं ऊन. सकाळी आठलाच चटका बसतो तिथे.

करायचं काय असेल तर ते एवढंच की त्या डागाला सनस्क्रीन आणि बाहेर जाताना टोपी. आणि ज्यांच्या घरी असं बाळ जन्मेल त्यांनी कान तपासून घ्या, हे मात्र सिरियसली. पांढरी बट वार्डेनबर्ग सिंड्रोममध्येही असते आणि त्यात काही मुलांना ऐकू येत नाही, कारण कानाच्या आतही रंगाच्या या पेशी लागतात, निळ्या डोळ्यांची पांढरीशुभ्र मांजरं बऱ्याचदा बहिरी असतात ती त्यामुळेच. डोळे फिकट निळे किंवा दोन रंगांचे असतील तर जास्तच लक्ष द्या. बेरा टेस्ट म्हणून विचारा, बाळ झोपेत असताना होते, दुखत नाही. आमच्या पोरीची झालीय, कान इतके तल्लख आहेत की दोन खोल्या पलीकडे बिस्किटाचा पुडा उघडला तरी येते.

हे सगळं मी काल मावशीला फोनवर सांगितलं, पाऊण तास. ती हूं हूं करत होती. शेवटी म्हणाली, "बरं, बिब्बे नाही आणत. पण बावचीच्या तेलाची बाटली आणलीय गं, तीनशेला पडली. तुझ्या काकांच्या गुडघ्याला चालेल का?"

नाही मावशी.